ताईच्या हातचा रिपोर्ट

११ फेब्रुवारी

धाकट्याला आज घरी आणलं. अठरा दिवस मनोरुग्णालयात काढून आला. गाल सुजल्यासारखे, चाल म्हाताऱ्याची, आणि बत्तीस वर्षांच्या माणसानं दारात उभं राहून विचारायचं, "ताई, बाथरूमला जाऊ?" "जा की बाळा," म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. बारा वर्षांत कुणी त्याच्या कामाला नाव ठेवलं नाही. गेल्या महिन्यात एका सात मजली इमारतीत त्यानं दोन माणसांसकट लिफ्ट मधेच थांबवली आणि वर मशीनच्या खोलीत कडी लावून बसला. आतली दोघं सोडा म्हणून ओरडत होती, आणि हा वरून ओरडत होता, "आधी माझ्याबद्दल बोलणं थांबवा, मग सोडतो." चार तास चाललं ते. नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको.

निघताना डॉक्टरांनी आजाराचं नाव पुन्हा सांगितलं, जसं काही मी बहिरी आहे. घराण्यात आणखी कुणाला असा त्रास होता का, असंही विचारलं. कुणालाही नाही, मी म्हटलं. आत्या अकरा वर्षं खोलीतून बाहेर आली नाही, पण तो निव्वळ हट्ट होता. आजोबांशी वाजलं होतं तिचं. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवायची तीही हट्टानंच. असल्या घरगुती गोष्टी परक्या माणसाला कशाला सांगायच्या?

कंपाउंडरीण टॅक्सीत त्याचा हात धरून बसली होती. कंपाउंडरीण म्हणजे त्याची बायको. जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांना सुया टोचते, म्हणून मी मनातल्या मनात तिला तेच म्हणते. स्वेटरवर मांजराचे केस तसेच. नवऱ्याला आणायला जाताना निदान झटकावे की नाही? आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता आणि मी अठरा. त्याचे दुधाचे दात मी पाडले, दप्तर मी भरलं, लग्न मी लावून दिलं. ही तीन वर्षांपूर्वी आली. कानामागून आली आणि तिखट झाली.

१४ फेब्रुवारी

गोळ्यांनी तो झोपतो, खातो आणि पुन्हा झोपतो. जागा असतो तेवढा वेळ मांजर मांडीवर. मांजराचं नाव साहेब. काम शून्य आणि नाराजी कायम, म्हणून धाकट्यानंच ठेवलं होतं, बरा असताना. दीड वर्षांपूर्वी कंपाउंडरणीनं दवाखान्यातून आणलं, कुणीतरी दारात टाकून गेलं होतं म्हणे.

आज मी त्याला म्हटलं, "त्याला खाली ठेव, जरा माझ्याशी बोल." तर म्हणाला, "ताई, सगळेच बोलतात गं. नळ बोलतो, जिना बोलतो. साहेब एकटाच गप्प बसतो."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं का? पण हे सुचेपर्यंत तो झोपला होता.

१९ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये किट विकणारा माणूस आला होता. टॉक्सोप्लाझ्माच्या किटबरोबर एक पत्रक ठेवून गेला. ही तपासणी आम्ही एकोणीस वर्षं करतोय, बहुतेक गरोदर बायकांची. पण पत्रकात होतं ते मला माहीत नव्हतं. हा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो, तिथून माणसात येतो आणि मेंदूत घर करून बसतो, आयुष्यभर. उंदरात शिरला तर उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते. आणि भास होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांमध्ये याच्या खुणा इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सापडल्या आहेत.

डबा खायचा राहून गेला. पत्रक तीनदा वाचलं. शेवटी लिहिलंय की संबंध असू शकतो, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही, आणि संसर्ग कच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतूनही होतो. असल्या ओळी कंपन्या स्वतःच्या बचावासाठी घालतात. आमच्याही रिपोर्टखाली असतात.

माझा भाऊ वेडा नाही. त्याला काहीतरी झालंय, आणि ते त्याला कुणीतरी आणून दिलंय.

२१ फेब्रुवारी

सकाळी घरीच त्याचं रक्त काढलं. लहानपणी सुई दिसली की पलंगाखाली जायचा, आज हात पुढे करून बसला. दुपारी लॅबमध्ये तपासणीची प्लेट लावली. घाई केली नाही. तुलनेसाठीचे दोन्ही कंट्रोल लावले, वेळ घड्याळावर मोजली, रीडरमध्ये दोनदा वाचून घेतली.

जुन्या संसर्गाची खूण पॉझिटिव्ह. ताज्याची निगेटिव्ह.

मला इतका आनंद झाला की प्लेट हातात धरून उभीच राहिले. पलीकडच्या टेबलावरच्या दाढीवाल्या सहकाऱ्यानं विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?" म्हटलं, "लागली." त्यानं आकडा बघितला आणि म्हणाला, "हा तर जुना आहे. पाच वर्षांचा असेल, पंचवीस वर्षांचाही असेल. असे कितीतरी निघतात आपल्याकडे, पॉझिटिव्ह आणि ठणठणीत." दीड वर्ष म्हणजे जुनंच की! पण शहाण्याला कोण सांगणार.

२२ फेब्रुवारी

रविवार म्हणून तिघं टेबलाशी होतो. मी रिपोर्ट ठेवला. कंपाउंडरणीनं नीट वाचला, घाबरली नाही की चिडली नाही. तिची हीच सवय मला सहन होत नाही.

"ताई, मी सात वर्षं जनावरांत काम करते. साहेब घराबाहेर जात नाही, कच्चं खात नाही. त्याची शी-शूची पेटी मी रोज साफ करते. त्याच्याकडूनच आलं असेल असं नाही."

"मग काय माझ्याकडून आलं?"

"मी तसं म्हटलं नाही. आणि असलं तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच ठेवायच्या ना?"

"ते मी बघते."

धाकटा रिपोर्टकडे बघत होता. म्हणाला, "म्हणजे माझ्या डोक्यात किडे आहेत?" ती लगेच उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, नाही रे, तसं नसतं रे. मी खरं सांगितलं, की आहेत, पण ताई ते काढणार आहे. खरं ऐकून माणूस घाबरतो, मग सावरतो. तो मात्र संध्याकाळपर्यंत कानामागे नखं घासत होता. रक्त आलं तेव्हा मी त्याला हातमोजे घातले.

१ मार्च

कंपाउंडरणीची आज दवाखान्यात पाळी होती. धाकटा जेवून झोपला. लॅबमध्ये नमुने न्यायचा थंड डबा असतो, झाकणाला पट्टा असलेला. साहेब आत मावला. थोडा आरडाओरडा केला, मग गप्प. गप्प राहण्यात त्याचा हातखंडा आहेच.

बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे एक बंद पडलेला पेट्रोलपंप आहे आणि पुढे मोकळी जागा. झाकण उघडलं तरी बाहेर येईना. डबा उलटा करावा लागला. मग माझ्याकडे बघत बसला. येताना बसमध्ये जागा मिळाली.

घरी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "दार उघडं राहिलं होतं वाटतं." त्यात खोटं काही नाही. मी त्याला घेऊन जाताना दार उघडंच होतं.

धाकटा जिन्यात जाऊन बसला आणि तासभर हाका मारत होता. कंपाउंडरणीनं दिव्याच्या खांबांवर साहेबाचे फोटो चिकटवले, त्यासाठी टेबलावरची ताटंदेखील न उचलता पळाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणावं तर महिना मीच घातला. पण ऑपरेशन करताना डॉक्टर पेशंटला विचारून कापतात का?

६ मार्च

ओळखीच्या औषधवाल्याकडून परजीवीवरचं औषध मिळवलं. ते सुरू केलं आणि डॉक्टरांच्या गुंगीच्या गोळ्या बंद केल्या. चोर पकडायचा असेल तर घर जागं हवं. गोळ्यांची डबी माझ्याकडेच असते, त्यामुळे कुणाला सांगायचा प्रश्न नाही.

११ मार्च

तेज आलंय त्याला! सकाळी स्वतः दाढी केली. खिडकीची कडी सैल होती ती बसवली. मला म्हणाला, "ताई, तू म्हातारी दिसायला लागलीस," आणि हसला. नऊ वर्षांचा असताना हसायचा तसा. मी दोन हात जोडून कुणाचे आभार मानावेत तेच कळेना, म्हणून त्याला दोन अंडी जास्त दिली.

कंपाउंडरीणही बघत होती. म्हणाली, "गोळ्या लागू पडताहेत." मी मान डोलावली.

१३ मार्च

तिला दिवस गेलेत. नऊ आठवडे.

तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. तो आजारी होता म्हणून बोलली नव्हती. "तुम्हीच पहिल्या, ताई. त्याला पण अजून सांगितलं नाही." आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना जंतुनाशकाचा वास येतो. मी तिच्या पाठीवर थोपटलं. अशा वेळी बोलतात ते शब्द बोलले.

मग म्हणाली, "माझं रक्तही तपासा ना. पोटात बाळ असताना याची तपासणी करतातच. बाहेर कुठे देण्यापेक्षा तुमच्या हातचा रिपोर्ट बरा."

तिनं स्वतःच बाही वर केली. शीर चांगली आहे तिची, एका टोचणीत मिळाली.

१४ मार्च

त्याला कळलं. जमिनीवर बसून तिच्या पोटाला कान लावला आणि खूप वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "ताई, हे पण गप्प आहे. एक शब्द बोलत नाही." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मी चहाचे कप उचलून आत गेले. त्यांना ते कळलंही नाही.

इथे स्पष्ट लिहिते. आजारी बाप असलेलं मूल शेवटी माझ्याच अंगावर पडणार. आणि पडलं नाही तर त्याहून वाईट. मग ते तिघं आणि मी चौथी. मूल झालं की तो कायमचा तिचा झाला.

१६ मार्च

तिची प्लेट लावली. निगेटिव्ह. जुनी खूण नाही, ताजी नाही, काहीच नाही. सात वर्षं मांजरांच्या घाणीत हात घालणारी बाई आणि रक्त धुतल्या तांदळासारखं.

किटचाच दोष असेल म्हणून पुन्हा लावली. तीच गत. मग कंट्रोलला जोड म्हणून माझं स्वतःचं रक्त काढलं, दाढीवाल्याकडून. माझा आकडा धाकट्याच्या आकड्याहून मोठा आला.

तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मी जन्मात मांजर पाळलेलं नाही. पत्रकात कच्चं मांस लिहिलंय, पण आम्ही काय रानटी आहोत? खिमा शिजत असताना मीठ बघायला मी एक चमचा तोंडात टाकते, त्याला काही कच्चं म्हणत नाहीत. धाकटा लहानपणी शेगडीपाशी आ करून उभा राहायचा, अर्धा चमचा त्याला, अर्धा मला. असं सगळंच धरायचं म्हटलं तर जगात कुणी जेवायलाच नको. आणि मला कुठे काय झालंय? मी ठणठणीत आहे. एकोणीस वर्षांत एक रिपोर्ट चुकला नाही माझा.

१७ मार्च

आज चुकवला.

तिच्या नावापुढे जुन्या खुणेचा आकडा माझा टाकला. निदान तो खरा होता, कुणाचा का असेना. ताज्या खुणेपुढे पॉझिटिव्ह लिहिलं. म्हणजे संसर्ग अलीकडचा, मांजर घरात असतानाचा. आमच्या लॅबच्या मॅडम सह्या करताना आकडे बघत नाहीत, माझं तोंड बघतात. माझं तोंड नेहमीसारखं होतं.

माझा हेतू एवढाच होता की तिनं एकदा कबूल करावं. म्हणावं, ताई, तुमचं बरोबर होतं, मांजर मीच आणलं. मग थोडे दिवस माहेरी जावं. पुढचं पुढे बघता आलं असतं.

संध्याकाळी रिपोर्ट दिला. उभ्या उभ्या वाचला आणि तशीच खुर्चीत बसली. म्हणाली, "म्हणजे मीच." एवढंच. पुन्हा पुन्हा तेच, "म्हणजे मीच."

माझी इच्छा पुरी झाली. पण तिचा आवाज असा होता की मला जेवण गेलं नाही.

२० मार्च

बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं की घाबरू नका, एका रिपोर्टवर निर्णय घ्यायचा नसतो, दहा दिवसांनी दुसऱ्या लॅबमधून पुन्हा तपासू. आकडा चढला तर संसर्ग खरंच ताजा.

मला हुश्श झालं. दुसरी लॅब निगेटिव्ह देईल, आमच्याकडे नळी बदलली असेल असं म्हणता येईल. मॅडम ओरडतील, एवढंच. सुटले, असं मनाशी दहा वेळा म्हटलं.

३० मार्च

सकाळच्या पेटीत इतर लॅबकडून आलेले नमुने होते. अकरा नळ्या. या भागात ही तपासणी फक्त आम्हीच करतो. बाकीच्या लॅब रक्त घेतात, आमच्याकडे पाठवतात आणि उत्तर आपल्या कागदावर छापून देतात. एकोणीस वर्षं हेच बघतेय, आणि दहा दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही!

सातव्या नळीवर तिचं नाव होतं.

प्लेट लावली. निगेटिव्ह. आता खरं लिहिलं तर दोन आठवड्यांत रक्त साफ कसं झालं, असं डॉक्टरीणबाई विचारणार. तसं होत नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. मग पहिली नळी निघणार, ती फ्रिजमध्ये नाव घालून ठेवलेली असते. नळी बदलली असं म्हणायचं तर ती पुन्हा तपासतील. नोकरी जाईल. धाकट्याला कोण बघणार?

किती लिहावं याचा विचार करायला वीस मिनिटं लागली. फार लिहिलं तर मॅडम विचारतील. कमी लिहिलं तर डॉक्टरीणबाईंना वाटेल, उतरतंय. पहिल्याच्या दुपटीपेक्षा थोडं कमी लिहिलं. मग पहिली नळी फ्रिजमधून काढून कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली आणि हात धुतले.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. औषधं घ्यायची, सारख्या सोनोग्राफी करायच्या आणि वाट बघायची. कदाचित बाळाला काहीच होणार नाही. किंवा डोळे, मेंदू, काहीही. नाहीतर गर्भ काढून टाकायचा. निर्णय तुमचा.

ती माझ्याकडे आली. तिची आई दूर आहे, नवरा हा असा, मग जाणार कुणाकडे? "ताई, तुम्ही एवढी वर्षं हेच बघताय. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?"

अजूनही बोलता आलं असतं. मी म्हटलं, "एक आजारी माणूस घरात आहे. दुसरं आजारी कसं सांभाळशील?"

तिनं मान हलवली. म्हणाली, "खरंय."

७ एप्रिल

झालं. सकाळी गेलो, दुपारी परत. मीच सोबत होते, कागदावर नातेवाईक म्हणून सही माझीच. टॅक्सीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं."

धाकट्यानं दार उघडलं. काही न विचारता गुडघ्यावर बसला आणि तिच्या पोटाला कान लावला. तिनं त्याला ढकललं नाही. तशीच उभी राहिली दारात. शेवटी मीच त्याला दंडाला धरून उठवलं.

१२ एप्रिल

ती माहेरी गेली. माझी नजर त्याच्यासमोर वर होत नाही, असं म्हणाली. मांजर मी आणलं, त्यालाही मीच आजारी पाडलं, बाळालाही. मी तिला बसपर्यंत पोचवलं आणि बाटलीत पाणी भरून दिलं. ही वही मी कपाटात कपड्यांखाली ठेवते, पण गेले काही दिवस उघडीच राहते. आता घरात लपवायचं कुणापासून?

धाकटा पुन्हा बोलायला लागलाय, नळाशी, भिंतीशी. तेज होतं ते जास्तच झालं. झोपत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस. परजीवीचं औषध संपलं, आणखी आणावं का कळत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात तर मधले पाच आठवडे डॉक्टरांना काय सांगू?

१८ एप्रिल

भाजी घेऊन आले तर तो कपाटापाशी जमिनीवर बसलेला. मांडीवर ही वही.

"ताई," म्हणाला, "हिचं रक्त स्वच्छ होतं."

मी वही घेतली. त्यानं सोडून दिली, ओढली नाही. ओरडलाही नाही. नुसता विचारत होता, पुन्हा पुन्हा, अगदी शांतपणे. "साहेबाला तू नेलंस? गोळ्या तू बंद केल्यास? ते बाळ बरं होतं?" मी म्हटलं, "तुला भास होतोय." मग त्यानं फोन उचलला आणि तिला लावला. मी हातातून काढून घेईपर्यंत बोलून झालं होतं.

वही आता लॅबमध्ये, माझ्या खणात, कुलपात.

२० एप्रिल

त्याला डॉक्टरांकडे नेलं. आत जाताच म्हणाला, "हिनं माझ्या बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट बदलला. दोनदा. वहीत लिहून ठेवलंय. दुसऱ्या लॅबचा रिपोर्टही हिचाच." एका दमात सगळं, तारखांसकट. बरा असताना बिघडलेली लिफ्ट समजावून सांगायचा तसं.

डॉक्टर शांतपणे लिहीत होते. मला विचारलं, "दुसऱ्या लॅबचाही?"

"दुसऱ्या लॅबचा कागद दुसऱ्या लॅबचाच आहे, डॉक्टर. हा बघा."

"तुम्ही वही लिहिता?"

"मी? मला कुठला वेळ?"

"गोळ्या नियमित चालू होत्या?"

"अगदी रोज. माझ्या हातानं देते."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, गोळ्या पुरत नाहीत असं दिसतंय. जी व्यक्ती सगळ्यात जास्त करते तिच्यावरच संशय येतो, हे या आजारात नेहमीचंच. वाईट वाटून घेऊ नका. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करू, मात्रा जरा वाढवून.

इंजेक्शनसाठी त्याला दोन वॉर्डबॉयनी धरलं. मी माझा पदर त्याच्या डोळ्यांवर धरला, लहानपणी धरायचे तसा. त्यानं डोकं फिरवून घेतलं.

२२ एप्रिल

तिचा फोन आला. "ताई, तो म्हणत होता की माझं रक्त स्वच्छ होतं." मागे तिची आई काहीतरी बोलत होती. "मी परत तपासून घेऊ का?"

"घे की," मी म्हटलं. "कुठल्याही लॅबमध्ये घे."

मग ती रडायला लागली. "नको ताई. आता तपासून काय उपयोग? मला माफ करा. एक क्षण मला खरंच वाटलं की तुम्ही... माझी जीभ झडो. तुम्ही त्याच्यासाठी एवढं करताय आणि मी..."

मी तिला म्हटलं, असं बोलू नये, आजारी माणसाचं मनावर घेऊ नये. तिनं दोनदा थँक्यू म्हटलं.

३० एप्रिल

इंजेक्शन लागू पडलं. रात्रभर झोपतो. हात थोडे थरथरतात, चमचा धरता येत नाही, म्हणून मी भरवते. नळाशी बोलत नाही. कुणाशीच बोलत नाही.

आज सकाळी मी अंडं सोलत होते. तो टेबलाशी बसून माझ्या हातांकडे बघत होता. जीभ जड झाल्यामुळे शब्द एकेक येतात.

"ताई, ते वहीतलं. मी खरंच वाचलं होतं का गं?"

"कुठल्या वहीतलं?"

"तिचं रक्त. साहेब. बाळ."

"नाही रे बाळा."

त्यानं मान हलवली. त्याला राग आला नाही, दुःख झालं नाही. उलट चेहरा सैल पडला, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसा.

"मला वाटलंच," म्हणाला. "वाचताना सगळं तुझ्याच आवाजात ऐकू येत होतं. म्हणजे तेच. नेहमीचं."

मी अंड्याचे दोन तुकडे केले, मीठ घातलं.

"बरं झालं तुला विचारलं," तो म्हणाला आणि आ केला.